आधी विहीर बघ, मग टाइल

तुझे मेसेज मिळाले. अकरा टाइलचे फोटो, त्यातले चार तर रात्री पावणेबाराला पाठवलेले. विहिरीचा एकही नाही.

तेव्हा आधी विहिरीवर जा. सुतळीला दगड बांधून आत सोड, काठापासून पाणी किती खाली आहे ते मोज आणि तारखेसकट भिंतीवर लिहून ठेव. आत्ता श्रावण आहे. दादाने ती वाडी घेतली त्या वर्षी श्रावणात मी त्याच विहिरीत वाकून तांब्या बुडवला होता, दोर लागला नव्हता. म्हणजे जमिनीखाली दीड-दोन फुटांवर पाणी. तुला तिथे चार फूट खोल स्विमिंग पूल बांधायचाय. तुझ्या पुलाच्या आत पाणी असणार, आणि पावसाळ्यात बाहेरूनही. अलिबागच्या किनारपट्टीवर घर बांधणाऱ्याला हे कुणी टाइलच्या दुकानात सांगत नाही.

हिशेबच करून दाखवते. तुझा पूल 20 बाय 10 फूट, खोली 4 फूट. भिंती आणि तळ आठ इंची काँक्रीटचे धरले, तर रिकाम्या टाकीचं वजन साधारण 23 टन होतं. बाहेरचं पाणी काठापर्यंत चढलं, तर ते या टाकीला खालून 32 टनांच्या जोराने वर ढकलतं. पूल भरलेला असला की आतलं 22-23 टन पाणी तिला दाबून धरतं. रिकामा केलास की ती होडी झाली.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. समुद्राजवळच्याच एका बंगल्याचा पूल हिरवा पडला होता. जुलै महिना. मालकांचा फोन आला, "पाणी काढून घासून घेऊ का?" मी पुण्यात दुसऱ्या साइटवर स्लॅबच्या गडबडीत होते. म्हटलं, "काढा." रात्रभर पंप चालला. सकाळी पुलाची एक बाजू चार बोटं वर आलेली, काठावरचे कोपिंगचे दगड उचकटलेले, तळाचा पाइप तुटलेला. चूक माझीच होती आणि दुरुस्तीचे पैसेही मीच भरले. तेव्हापासून कोणतंही फिनिश निवडताना पहिला प्रश्न मी हाच विचारते: हे दुरुस्त करायला पूल रिकामा करावा लागेल का, आणि किती वेळा?

या प्रश्नाने अर्धे पर्याय बाद होतात.

रंग घे. इपॉक्सी पेंट स्वस्त, चार दिवसांत काम उरकतं, पहिल्या वर्षी झकास दिसतं. मग उन्हाने भुकटी धरायला लागतो, हात फिरवलास की तळवा निळा. पाच-सात वर्षांत पुन्हा मारायचा, आणि क्लोरिनेटेड रबरचा असेल तर त्याच्याही निम्म्यात. प्रत्येक वेळी पूल रिकामा, खरवडून, खडखडीत वाळवून. पांढरं सिमेंट आणि मार्बल पावडरचं प्लास्टर अमेरिकेत फार चालतं, सात ते दहा वर्षं टिकतं. पण ते एका दमात घोटणारे हात आपल्याकडे शोधावे लागतात. पेबल फिनिश त्याहून टिकाऊ, पण खडी सारखी उघडी करून धुणं ही कसबाची गोष्ट आहे. तुझ्या गवंड्याने ते आधी केलेलं नसेल, तर त्याच्या शिक्षणाचा खर्च तू करू नकोस. व्हिनाइल लायनरचं नाव तर काढूच नकोस. बाहेरचं पाणी लायनरच्या मागे शिरलं की तो फुग्यासारखा तळावरून उठतो.

फायबरग्लासची तयार टाकी तुझ्या मित्राने घेतली म्हणालास. वाईट नाही ती. गुळगुळीत असते, शेवाळ कमी धरते, महिनाभरात पोहायला लागता येतं. पण काँक्रीटच्या मानाने ती पिसासारखी हलकी, वर सांगितलेला 32 टनांचा हिशेब तिला जास्तच लागू. शिवाय तुझ्या वाडीचा रस्ता आठव. दोन्हीकडे सुपारी, मध्ये बैलगाडीची वाट. ट्रेलर आणि क्रेन आत कुठून नेणार?

म्हणून काँक्रीट. आणि तळात एक हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की तो उघडतो आणि पाणी आत घेतो. छोटी वस्तू आहे, कोटेशनमधून सगळ्यात आधी हीच कापतात. कापू देऊ नकोस. तो बसवला म्हणून जुलैत पूल रिकामा करायची परवानगी मिळाली असंही समजू नकोस.

काँक्रीटबद्दल तुला इंजिनीअर सांगेलच, मी फक्त साइटवर उभं राहून बघायच्या गोष्टी सांगते. सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का ते ओणवा होऊन बघ. खडीचे तुकडे सरकवलेले दिसले, तर काम थांबव. खाऱ्या हवेत सळईला कव्हर कमी पडलं की ती गंजून फुगते आणि टाइल आतून ढकलते. सगळे पाइप, लाइटचे डबे, स्किमर काँक्रीट ओतण्याआधी जागेवर हवेत, पाइपाला कॉलर लावून. "नंतर कोअर मारू" म्हणणारा प्लंबर नंतर सापडत नाही आणि गळती नेमकी त्या भोकातून होते. खड्डा दिवाळीनंतर खोद. पाणी उतरलेलं असतं, पंप लावून चिखलात सेंटरिंग करावं लागत नाही.

आता नीट ऐक. टाइल पाणी अडवत नाही. लोकांना वाटतं, काचेची टाइल लावली म्हणजे गळती बंद. टाइलच्या सांध्यांतून पाणी मागे जातंच. पाणी अडवायचं काँक्रीटने आणि त्यावरच्या वॉटरप्रूफिंगने. म्हणून उघड्या काँक्रीटचीच पाण्याची परीक्षा घ्यायची, वॉटरप्रूफिंगच्याही आधी. पूल काठोकाठ भर, सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ दे. मग पुढचे सात दिवस पातळी मोज. 22,600 लिटर पाणी लागेल, दहा हजारी टँकर दोन आणि वर थोडं. कंत्राटदार "साहेब, कशाला पाणी वाया" म्हणेल. मलाही म्हणायचे.

पातळी उतरली तर ती उन्हाने की गळतीने, हे कळायला एक बादली लागते. बादली पुलाच्या पाण्याने भरून पुलाच्याच पायरीवर ठेव, अशी की अर्धीअधिक पाण्यात राहील. आतल्या पाण्याची पातळी बादलीवर आतून खुणेने आखायची, पुलाची बाहेरून. तीन दिवसांनी दोन्ही खुणा बघ. दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल, तर ते ऊन. पुलाचं जास्त उतरलं असेल, तर टॉर्च घेऊन पाइपांच्या कडा शोधायला लाग. ही परीक्षा मार्गशीर्षात घ्यायची, बाहेरचं पाणी खाली असताना.

वॉटरप्रूफिंग दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंटचं घे, दोन हात, आडवा-उभा. त्याआधी भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे वाटा मारून घे. काटकोनात कोणताही लेप तडकतो.

आता तुझी मोझॅक. निळी-हिरवी काचेची, 20 मिलिमीटरची, फोटो क्रमांक सहा. तुझ्या बायकोने निवडली असणार, कारण ती खरंच देखणी आहे. काच पाणी शोषत नाही, रंग उडत नाही, क्लोरिनला दाद देत नाही. मग मी नाक का मुरडते? शीट उलटी कर आणि बघ. तुला मागे एक पांढरी जाळी दिसेल, प्रत्येक तुकड्याला गोंदाने चिकटवलेली. चिकटवणारा मसाला काचेला धरायला हवा, पण तो धरतो त्या जाळीला आणि गोंदाला. हा गोंद पाण्यात फुगणारा असेल, तर दोन-तीन वर्षांत तुकडे एकेक करून तळाशी दिसायला लागतात, आधी पायरीच्या कडेचे, मग लाइटच्या भोवतीचे. माझ्या एका कामात तिसऱ्या वर्षी माळ्याने मला मूठभर तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणून दिले होते. पिशवी मी बरेच दिवस टेबलावर ठेवली होती.

दुसरी जात कागदाची. कागद टाइलच्या तोंडावर, पाठ पूर्ण उघडी. शीट लावायची, मसाला जरा धरला की कागद ओला करून सोलायचा. गवंड्यांना ती नको असते, कारण कागदाआडून सांधे दिसत नाहीत, ओळ चुकली तर कागद सोलल्यावरच कळतं. पण पाण्याखाली तीच बरी. तिसरी, तुकड्या-तुकड्यांमध्ये फक्त प्लास्टिकचे ठिपके असलेली, तीही चालेल. दुकानदाराला "जाळीची की कागदाची?" एवढंच विचार. त्याला पहिल्यांदा तुझ्याकडे नीट बघावंसं वाटेल.

एका शीटवर 15 बाय 15, म्हणजे 225 तुकडे असतात. तुझ्या पुलाचा तळ 200 चौरस फूट आणि भिंती 240, एकूण 440. म्हणजे 85,000 हून जास्त तुकडे, आणि प्रत्येकाच्या चारही बाजूंना सांधा. मोझॅक घेणं म्हणजे खरं तर सांधे विकत घेणं आहे. म्हणून सपाट भिंतींना आणि तळाला जरा मोठी व्हिट्रिफाइड टाइल घे, दोन इंचांची किंवा चार बाय आठची, आणि काचेची मोझॅक पाण्याच्या रेषेला एक पट्टा आणि गोल पायरीला. सौभाग्यवतींना सांग, डोळा तिथेच जातो.

व्हिट्रिफाइड आणि भिंतीची साधी सिरॅमिक यांत गल्लत करू नकोस. दिसायला सारख्याच, मोरबीहून एकाच ट्रकमध्ये येतात. व्हिट्रिफाइड अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी पाणी शोषते, बाथरूमच्या भिंतीची दहा टक्क्यांहून जास्त. बॉक्सवर विश्वास नसेल, तर कोरडी टाइल स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोल, रात्रभर बादलीत बुडव, पुसून पुन्हा तोल. किलोची टाइल शंभर ग्रॅमने जड झाली, तर ती पुलात जायची नाही. पाच ग्रॅमच्या आत असली, तर चालू दे.

लावायला सिमेंटची स्लरी नाही. पॉलिमरचं टाइल ॲडहेसिव्ह, पाण्याखाली चालणारं असं पिशवीवर लिहिलेलं, आणि काचेखाली पांढरंच. करडं वापरलं तर पारदर्शक काच मळकी दिसते, ती पुन्हा उजळत नाही. गवंडी कामाला लागला की पहिल्या तासात त्याने नुकतीच लावलेली एक शीट त्याच्याच हाताने उपटायला लाव. पाठीवर मसाला सगळीकडे लागलेला हवा. मध्ये दातांच्या रेघा उरल्या असतील, तर तिथे पाणी साठणार. त्याला राग येईल. चहा पाज. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच उपटून दाखवतो. सगळं सुकल्यावर लाकडी मुठीने ठोकत फिर. भरीव टाइल टक् वाजते, पोकळ बद्द. बद्द वाजेल तिथे खडूने फुली.

सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भर. महाग आहे, मला माहीत आहे. सिमेंटचं का नको, ते तुझ्या पावसामुळे. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नसतंच म्हटलं तरी चालेल आणि ते किंचित आम्लही असतं. चार महिने ते पुलात पडत राहतं, पूल ओसंडून वाहतो, तुझं रसायन सगळं ओढ्याला. भुकेलं पाणी मग कॅल्शियम शोधतं आणि सिमेंटच्या सांध्यांतून ते काढून घेतं. दसऱ्याला सांध्यात नख घाल, वाळू निघते. पुलाच्या पाण्याची कॅल्शियम कठीणता 200 ते 400 पीपीएम आणि पीएच 7.2 ते 7.6 ठेवायचं असतं, ते याच कारणाने. पण तू आठवड्यातून दोन दिवस मुंबईहून येणार. पाण्याची परीक्षा वाडीवरचा माणूस करणार, किंवा नाही करणार. इपॉक्सी या विसराळूपणाला माफ करतं.

ते भरायचं काम पहाटे सुरू करायचं. दोन भाग एकत्र कालवले की पाऊणएक तासात आवळायला लागतं, मेच्या उन्हात त्याहून लवकर. एक माणूस भरायला, दोन पुसायला. टाइलवर राहिलेला पापुद्रा दुसऱ्या दिवशी देवालाही निघत नाही. नंतर पूल भरायची घाई करू नकोस, दोन-तीन आठवडे जाऊ दे. आणि त्या पांढऱ्या क्लोरिनच्या गोळ्या कुणी पायरीवर टाकून ठेवू नये. त्या सहसा चांगल्याच आम्ल असतात, जिथे पडतात तिथली सिमेंटची कोणतीही गोष्ट खातात आणि रंग उडालेला गोल डाग ठेवतात. तरंगत्या डब्यात घालायच्या.

रंगाचं बोलू. विहिरीचं पाणी पांढऱ्या बादलीत घे, चिमूटभर क्लोरिन टाक, रात्रभर ठेव. सकाळी चहासारखं तांबूस झालं तर पाण्यात लोह आहे, आणि पांढरी शुभ्र टाइल वर्षभरात पिवळट दिसेल. उलट पाणी जड असेल, तर पाण्याच्या रेषेला क्षाराचा पांढरा पट्टा बसतो, आणि तो गडद निळ्यावर भस्म फासल्यासारखा उठून दिसतो. म्हणून कोणता रंग घ्यायचा ते विहीरच ठरवते. दोन्ही नसेल तर नशीबवान आहेस.

फोटो क्रमांक नऊमधला काळा तळ मला पसंत नाही. पाणी तळ्यासारखं दिसतं हे खरं. तळ्यात काय पडलंय तेही दिसत नाही. तुमची चिनू पाच वर्षांची आहे, आणि वाडीत नागही निघतात. तळ फिकट ठेव, इतका की वर उभं राहून तळातलं नाणं दिसावं. प्रत्येक पायरीच्या कडेला मात्र गडद टाइलची एक ओळ दे. पाण्यात पायऱ्या एकमेकींत मिसळतात आणि माझ्या वयाची माणसं तिथेच पडतात.

त्या हिरव्या इंडोनेशियन दगडाचं विचारलंयस. बाली स्टोन म्हणून विकतात, येतो जावामधल्या सुकाबुमीहून. ओला झाला की पाचूसारखा, त्याबद्दल वाद नाही. पण सच्छिद्र आहे, शेवाळ धरून बसतो, रोज ब्रश मारणारा माणूस लागतो. हॉटेलात असतो तो माणूस. तुझ्याकडे नाही.

काठाच्या आणि भोवतालच्या दगडाची निवड दुकानात करायचीच नाही. नमुने घरी आण, गच्चीवर मांड आणि एप्रिलमध्ये दुपारी दोनला अनवाणी त्यांच्यावर उभा राहा. कडाप्पा तुला दहा आकडे मोजू देणार नाही. काळा ग्रॅनाइटही नाही. मग त्याच नमुन्यांवर साबणाचं पाणी ओत आणि पुन्हा उभा राहा, या खेपेला कुणाचा तरी हात धरून. पॉलिश केलेला कोटा तिथे बाद होतो. शिवाय कोटा चुनखडीचा, पुलातलं ॲसिड सांडलं की पांढरा पडतो. जांभ्याचा चिरा कोकणातला म्हणून सगळ्यांना हवा असतो, भिंतीला छान, पण पायाखाली पावसाळ्यात शेवाळाची गादी होते. धोलपुरी वालुकाश्म थंड राहतो, मात्र खारं पाणी आत शिरून सुकलं की पापुद्रे सुटतात. या सगळ्यांतून उरतो तो फिकट करडा ग्रॅनाइट, फ्लेम फिनिशचा. दिसायला नीरस, मला मान्य आहे. साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर बघितलीयस ना? अठराव्या शतकातली, घडीव काळ्या दगडाची. तिच्या पायऱ्यांवरून उतरताना पायाला खरखर लागते, तेवढी खरखर पुरे.

काठाच्या दगडाला पुलाबाहेरच्या बाजूला किंचित उतार दे, नाहीतर डेकवरची माती आणि कोंबड्यांचं सगळं पहिल्या सरीबरोबर आत. डेक आणि कोपिंगमधला सांधा सिमेंटने भरू नकोस, लवचीक सीलंटने भर. दोन्ही वेगवेगळे हलतात.

मिठाचं क्लोरिनेटर घ्यायचं ठरवलंस, तर शिडी आणि रेलिंग 316 स्टीलचंच. समुद्राच्या मानाने ते पाणी फार खारट नसतं, तीन-चार हजार पीपीएम, समुद्र पस्तीस हजार. पण 304 ला तेवढंही पुरतं, आणि तुझ्याकडे वरून समुद्राची हवाही आहेच. लोहचुंबकावर विश्वास ठेवू नकोस, दोन्ही त्याला सहसा चिकटत नाहीत. बिलावर ग्रेड लिहून घे.

टाइल 440 नाही, 485 चौरस फुटांची मागव, सगळ्या बॉक्सवर एकच बॅच नंबर बघून. दोन बॉक्स न फोडता माळ्यावर ठेव, वर तारीख आणि "पूल" असं लिहून, नाहीतर कुणीतरी त्यातून तुळशीचा कट्टा सजवेल. त्या पिशवीवाल्या कामात रंग जुळवायला मी तीन शहरं पालथी घातली होती.

विहिरीचं माप आजच घे. उद्यापासून चार दिवसांची उघडीप आहे म्हणतात, पाणी हातभर उतरेल आणि तू मला खोटा आकडा कळवशील.